सायक्लोन टेलर: बारा सामन्यांचे ५,२५० डॉलर आणि इमिग्रेशनची नोकरी

पहाटवारा

गेली सहा वर्षं आमच्या घरी हिवाळा म्हणजे रिंक. लेकीचा आइस हॉकीचा सराव शनिवारी पहाटे पावणेसहाला असतो. व्हँकुव्हरच्या पावसात अंधारात गाडी काढायची, तिच्या स्केट्सच्या नाड्या आवळून द्यायच्या आणि थर्मासमधला चहा घेऊन काचेपलीकडे बसायचं. तिचे पहिले स्केट्स ज्या दुकानातून घेतले त्याचं नाव 'सायक्लोन टेलर'. इथल्या कनक्स संघाच्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा चषकही याच नावाचा. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, हा सायक्लोन कोण?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून वाचत गेलो आणि आता तो माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

फ्रेड टेलर ऑन्टारिओतल्या टारा नावाच्या खेड्यात जन्मला. वडील फिरतीवर माल विकायचे, घरात पैशाची ओढाताण. पुढे कुटुंब लिस्टोवेलला आलं. शाळा सुटली आणि पोरगा पियानोच्या कारखान्यात लागला. संध्याकाळी आणि रविवारी बर्फ.

तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता, हे आधी सांगायला हवं, नाहीतर टेलरची थोरवी कळणार नाही. एका बाजूला सात जण. सातवा तो रोव्हर, त्याला ठरलेली जागा नाही. बदली खेळाडू नावापुरते, तासभर तेच सात जण पळायचे. आणि मुख्य म्हणजे पुढे पास देता येत नसे. रग्बीसारखा आडवा किंवा मागे द्यायचा. म्हणजे पक (चेंडूच्या जागची रबरी चकती) पुढे न्यायचा तर स्वतःच्या स्टिकवर घेऊन समोरच्या गर्दीतून वाट काढायची. अशा खेळात ज्याच्या पायात वेग त्याचं राज्य. टेलर बचावात, 'कव्हर पॉइंट' या जागी खेळायचा आणि तिथून उसळी मारून थेट समोरच्या गोलपर्यंत जायचा. बचावपटूने असं करायची पद्धत नव्हती. त्याने सुरू केलं की लोक उभे राहायचे.

१९०४ मध्ये टोरोंटोच्या मार्लबरोज संघाने त्याला बोलावलं. तो नाही म्हणाला. ऑन्टारिओ हॉकी असोसिएशनचे सचिव विल्यम ह्यूइट यांनी या नकाराबद्दल त्याला प्रांतात खेळायलाच बंदी केली. विशीतला मुलगा, अंगात कला भरलेली, आणि एक पूर्ण मोसम हातातून गेला. मला वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ इथे आहे. आपला खेळ कुणीतरी कागदावर सही करून थांबवू शकतो, हे त्याला फार लवकर कळलं.

तो पश्चिमेला मॅनिटोबात पोर्टेज ला प्रेरीला गेला. तिथे राहणं, जेवण आणि महिना २५ डॉलर. तिथून लगेच मिशिगनमधल्या हॉटनला. हे तांब्याच्या खाणींचं गाव. डॉक गिब्सन नावाच्या दंतवैद्याच्या पुढाकाराने १९०४ मध्ये तिथे इंटरनॅशनल हॉकी लीग उभी राहिली होती. उघडपणे पैसे देऊन खेळाडू ठेवणारी जगातली ही पहिली लीग. खाणकामगार पगाराच्या पैशातून तिकिटं काढायचे. टेलरला मोसमाचे ४०० डॉलर आणि खर्च मिळाला. १९०६ आणि १९०७, दोन्ही वर्षं हॉटनच्या पोर्टेज लेक्स संघाने अजिंक्यपद घेतलं. त्यानंतर लीग बुडाली.

मग ओटावा. आता त्याला मागणी होती, त्यामुळे त्याने संघाकडे फक्त पैसे मागितले नाहीत, सरकारी नोकरी मागितली. ५०० डॉलर मोसमाचे आणि गृहखात्याच्या इमिग्रेशन शाखेत महिना ३५ डॉलरची कारकुनी. 'सायक्लोन' हे नाव इथलंच. १९०८ मध्ये त्याचा खेळ पाहून गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी ते दिलं असं सांगतात. १९०९ मध्ये ओटावाने स्टॅन्ली चषक जिंकला, आइस हॉकीतला सर्वांत मानाचा.

आणि त्याच वर्षअखेरीस रेन्फ्रू. ओटावा नदीच्या खोऱ्यातलं जेमतेम चार हजार वस्तीचं, लोण्याच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथल्या ओब्रायन घराण्याकडे रेल्वेची कंत्राटं आणि कोबाल्टच्या चांदीच्या खाणींचा पैसा. मुलगा अ‍ॅम्ब्रोज याला गावासाठी स्टॅन्ली चषक हवा होता. मोठ्या संघांनी त्याला आपल्या लीगमध्ये घेतलं नाही, म्हणून डिसेंबर १९०९ मध्ये त्याने इतरांसह नॅशनल हॉकी असोसिएशन ही नवी लीग काढली. (आजचा माँट्रियल कॅनडियन्स संघ याच धडपडीत, याच ओब्रायनच्या पैशाने जन्मला.) मग लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे भाऊ आले आणि टेलर आला. करार ५,२५० डॉलरचा. मोसम दोन महिन्यांचा, सामने बारा.

हिशेब करून पाहा. महिना ३५ म्हणजे वर्षाचे ४२०. कारकुनीत साडेबारा वर्षांत मिळाले असते तेवढे त्याला दोन महिन्यांत मिळाले. पेपरवाल्यांनी संघाला 'मिलियनेअर्स' नाव ठेवलं. फेब्रुवारी १९१० मध्ये तो रेन्फ्रूच्या बाजूने ओटावाला खेळायला गेला तेव्हा कालपर्यंत जयजयकार करणाऱ्यांनी त्याची हुर्यो उडवली. ओटावा जिंकलं. चषक मात्र रेन्फ्रूला मिळालाच नाही, तो माँट्रियल वाँडरर्सकडे गेला. दुसऱ्या मोसमानंतर संघ बंद झाला.

पुढचं व्हँकुव्हर पर्व प्रतिसादात लिहितो. खूप आहे.

जास्वंद

फार आवडलं. वाचनखूण साठवली. एक शंका. पैसे घेऊन खेळणं एवढं वाईट का मानायचे? आणि मार्लबरोजला नाही म्हटल्याचा पैशाशी काय संबंध?

पहाटवारा

जास्वंद, धन्यवाद. पैशाशी संबंध नव्हताच, म्हणून तर चीड येते. असोसिएशन म्हणायची की खेळ हौसेने खेळावा, मोबदला घेतला की माणूस बाद. पण हौसेने खेळायला पोटापाण्याची सोय आधीच झालेली लागते. वकिलाचा किंवा बँकरचा मुलगा पैशाशिवाय खेळू शकतो, पियानोच्या कारखान्यातल्या मुलाची एक संध्याकाळ बुडाली तरी घरात जाणवते. आणि हौशी म्हणवणारी हीच असोसिएशन त्याने कुठल्या संघात जावं हे ठरवू पाहत होती. पैसा द्यायचा नाही, पण हुकूम मात्र द्यायचा.

भीमथडी

रेन्फ्रूचं आलं आहे तर तो उलटा गोल राहिला की! मी कुठेतरी वाचलं होतं की त्याने ओटावाच्या गोलरक्षकाला पैज लावली, तुमच्या सगळ्या बचावातून पाठमोरा स्केटिंग करत येईन आणि गोल मारीन. आणि मारला. खरं आहे का? आमच्या शाळेच्या हॉकी संघात (मातीवरची हॉकी, पुणे जिल्हा) एक मुलगा रिव्हर्स स्टिकने गोल मारायचा, त्याच्याही गोष्टी दरवर्षी वाढत गेल्या.

पहाटवारा

भीमथडी, मुद्दाम वगळलं होतं. पक्कं एवढंच की ८ मार्च १९१० ला रेन्फ्रूमध्ये ओटावाविरुद्ध सामना झाला आणि रेन्फ्रूने तो १७-२ जिंकला. गोलरक्षक पर्सी लेसूअरबरोबर पैजेची भाषा आधीच झाली होती आणि पेपरांनी ती उचलून धरली होती. त्या दिवशी टेलरने पाठमोरं होऊन गोल मारला असं सांगतात. मैदानभर उलटा आला की शेवटच्या काही हातांत वळून मारला, यावर लोक अजून भांडतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. भरवेगात समोरच्याला चुकवून शेवटच्या क्षणी गर्रकन वळायचं आणि पाठीमागून पक सारायचा, हे वेगवान स्केटरला सुचेल असंच आहे. लेकीच्या प्रशिक्षकाला विचारलं, तोही म्हणाला की वळूनच मारला असणार.

अस्मानी

पुढे पास देता येत नव्हता ते कधी बदललं? आताच्या सामन्यांत तर सगळा खेळच पासवर असतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पहाटवारा

अस्मानी, ते बदललं इथे, व्हँकुव्हरात. रेन्फ्रू बुडाल्यावर पॅट्रिक बंधूंनी वडिलांचा लाकडाचा धंदा विकून आलेला पैसा पॅसिफिक किनाऱ्यावर नवी लीग काढण्यात ओतला. अडचण अशी की इथे तळी गोठतच नाहीत. म्हणून त्यांनी व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियाला यंत्राने बर्फ गोठवणाऱ्या रिंक बांधल्या, कॅनडातल्या पहिल्या. डिसेंबर १९११ मध्ये व्हँकुव्हरची डेनमन अरीना सुरू झाली. साडेदहा हजार माणसं बसायची, तेव्हाच्या व्हँकुव्हरच्या मानाने अवाढव्य.

टेलर १९१२ च्या अखेरीस आला. त्याआधी एक मोसम तो घरी बसला होता. रेन्फ्रूच्या खेळाडूंची वाटणी झाली तेव्हा त्याचे हक्क वाँडरर्सकडे गेले आणि त्याला ओटावा सोडायचं नव्हतं. पुन्हा तेच, दुसऱ्याने ठरवायचं आणि याने नाही म्हणायचं. व्हँकुव्हरला मात्र तो आनंदाने आला. वय अठ्ठावीसच्या आसपास, लोक म्हणायचे संपला. इथे त्याला बचावातून काढून रोव्हर आणि सेंटर केलं.

पॅट्रिक बंधूंनी मैदानावर निळ्या रेघा मारून तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास द्यायची मोकळीक दिली. टेलर आयुष्यभर स्वतः पक घेऊन पळणारा, पण या नियमाने तो आणखी खुलला. धावत्याच्या पुढ्यात पक आला तर वेग तोडावा लागत नाही. पाच मोसमांत लीगमधले सर्वाधिक गुण त्याचे. १९१७-१८ मध्ये १८ सामन्यांत ३२ गोल. माझ्या लेकीने हा आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला आहे.

नियमांनी केवढा फरक पडायचा त्याची गंमत १९१८ च्या स्टॅन्ली चषकात दिसते. टोरोंटो आणि व्हँकुव्हर, पाच सामने, एक आड एक पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या नियमांनी. पूर्वेचे नियम म्हणजे सहा जण, पुढे पास बंद. पश्चिमेचे म्हणजे सात जण, पास खुला. पाचही सामने ज्याचे नियम तोच जिंकला! पाचवा पूर्वेच्या नियमांनी होता, टोरोंटो २-१. टेलरने पाच सामन्यांत नऊ गोल केले आणि चषक गेला.

पण १९१५ चा आला होता. ओटावाचा संघ इथे खेळायला आला आणि २२, २४ आणि २६ मार्चला तिन्ही सामने हरून गेला, ६-२, ८-३, १२-३. जुन्या ओटावाविरुद्ध, स्वतःच्या रिंकवर. व्हँकुव्हरला मिळालेला हा एकमेव स्टॅन्ली चषक. कनक्स १९८२, १९९४ आणि २०११ मध्ये अंतिम फेरीपर्यंत जाऊन हरले. २०११ चा सातवा सामना पाहताना शेजारचे आजोबा रडले होते, ते मी विसरलेलो नाही.

मृण्मयी_क

सगळं वाचलं. एक गोष्ट टोचतेय. तुम्ही म्हणालात इमिग्रेशनची नोकरी. तो व्हँकुव्हरला आला १९१२ ला. नोकरी तीच राहिली का? कारण १९१४, व्हँकुव्हर, इमिग्रेशन म्हटलं की मला फक्त एकच गोष्ट आठवते. माझ्या सासूबाई जालंधरच्या. त्यांच्या घरात कोमागाटा मारूचं नाव निघालं की सगळे गप्प होतात.

पहाटवारा

मृण्मयी, हो. नोकरी तीच. आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हे लिहायचं होतंच, पण कसं लिहावं हे चार दिवस सुचत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला होता की मूळ देशातून सलग प्रवास करून, थेट तिकिटावर आलेल्यालाच उतरता येईल. नियमात हिंदुस्थानचं नाव नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट तिकीट विकूच नये असा दबाव जहाज कंपन्यांवर आणला गेला होता. म्हणजे दार उघडं दिसेल आणि येता कुणालाच येणार नाही. वर आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर असायला हवेत ही अट. बाबा गुरदित सिंग यांनी कोमागाटा मारू हे जपानी जहाज भाड्याने घेतलं आणि हाँगकाँग, शांघाय, योकोहामा करत २३ मे १९१४ ला ३७६ प्रवासी घेऊन ते बरार्ड खाडीत आले. बहुतेक पंजाबी शीख, काही मुसलमान, काही हिंदू. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, कित्येक जण त्याच साम्राज्याच्या फौजेत नोकरी केलेले.

त्या जहाजावर चढणारा पहिला इमिग्रेशन अधिकारी होता फ्रेड टेलर.

त्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. शहरातला सर्वांत लाडका माणूस. डेनमन अरीना कोल हार्बरच्या काठाला होती आणि जहाज त्याच खाडीत नांगरलेलं. दोन महिने प्रवाशांना उतरू दिलं नाही. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी समिती करून पैसे जमवले, वकील दिला, खटला हरले. १९ जुलैला पोलीस भरलेली 'सी लायन' ही बोट जहाजाला भिडली, तेव्हा प्रवाशांनी कोळशाचे दगड मारून ती परतवली. शेवटी 'रेनबो' ही युद्धनौका आणली आणि २३ जुलैला जहाज हाकलून दिलं. फक्त २४ जणांना उतरता आलं. उरलेले ३५२ परत. सप्टेंबरअखेर कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि जवळपास वीस जण मारले गेले.

आठ महिन्यांनी, मार्चमध्ये, टेलरने स्टॅन्ली चषक जिंकला.

धोरण त्याने ठरवलं नव्हतं. व्हँकुव्हरचे इमिग्रेशन प्रमुख माल्कम रीड होते, वरून हुकूम ओटावाचे होते. पण जहाजाच्या जिन्यावरून वर जाणारे पाय त्याचे होते, हे मला पुसता येत नाही.

दूरदेशी

मी ओटावात राहतो. पहाटवारा, तुमची तगमग समजते. तरी विचारतो, तिशीच्या अधिकाऱ्याने १९१४ मध्ये काय करायला हवं होतं? राजीनामा? मी स्वतः एका देशाच्या विमानतळावर मागच्या खोलीत पाच तास बसलो आहे, हातात सगळे कागद असताना. समोरचा मुलगा सभ्य होता, त्याने पाणीही दिलं. त्याचा राग आला नाही, पण तो चेहरा अजून आठवतो. टेलरने हुकूम पाळला. तेव्हा बहुतेकांनी पाळले.

मृण्मयी_क

दूरदेशी, बहुतेकांनी पाळले हे खरं. पण टेलर बहुतेकांपैकी नव्हता ना? त्याने ह्यूइटला नाही म्हटलं, वाँडरर्सना नाही म्हटलं, एक मोसम घरी बसला पण वाकला नाही. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याकडून अपेक्षा वाढते. सासूबाईंच्या घरातले लोक तेव्हा होडीने जहाजापर्यंत अन्न पोचवायची परवानगी मागत होते. सासूबाईंनी कधी टेलरचं नाव ऐकलं नव्हतं. मी आज फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "खेळायचा तरी चांगला का?"

शिरूरकर

पहिल्यांदाच लिहितोय इथे. माझं गाव शिरूर तालुक्यात. आमच्या शेजारच्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि तिथे पॅसिफिक किनाऱ्यावर गदर पार्टीत सामील झाले. कोमागाटा मारूच्या बातमीने तिथल्या हिंदी माणसांत जी आग लागली, त्या आगीतले हे. १९१४ च्या अखेरीस परत आले, रासबिहारी बोस यांच्याबरोबर छावण्यांमध्ये उठाव करायचा प्रयत्न केला. मीरतच्या छावणीत बाँबसकट पकडले गेले ती तारीख २३ मार्च १९१५.

वर तुम्ही चषकाच्या तारखा दिल्या आहेत. २२, २४, २६ मार्च १९१५. मी त्या दोनदा वाचल्या.

१६ नोव्हेंबरला पिंगळ्यांना लाहोरला फाशी झाली, कर्तारसिंग सराभांबरोबर. सराभा एकोणीस वर्षांचे होते. पिंगळे सत्तावीसचे.

जास्वंद

शिरूरकर, अंगावर काटा आला. पिंगळ्यांवर स्वतंत्र धागा काढा ना. गावात त्यांच्या काही आठवणी असतील त्या लिहा.

शिरूरकर

काढतो. दिवाळीला गावी जाणार आहे, म्हाताऱ्या माणसांशी बोलून लिहीन.

भीमथडी

टेलरचं पुढे काय झालं ते राहिलंच, पहाटवारा.

पहाटवारा

भीमथडी, थोडक्यात सांगतो. खेळणं १९२१ च्या सुमाराला थांबवलं, नंतर १९२२-२३ मध्ये एकच सामना खेळला. नोकरी सोडली नाही. ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त होऊन निवृत्त झाला. १९४६ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला तो हॉकीबद्दल नाही, इमिग्रेशनमधल्या सेवेबद्दल. पुढच्याच वर्षी हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९५२ मध्ये प्रांताच्या निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. १९७९ च्या जूनमध्ये व्हँकुव्हरलाच वारला, नव्वदीच्या पुढे. डेनमन अरीना १९३६ मध्ये जळाली.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी कोमागाटा मारूबद्दल संसदेत माफी मागितली ती मे २०१६ मध्ये.

काल लेकीला सगळं सांगितलं. बारा वर्षांची आहे. तिने विचारलं, जहाजावरच्या लोकांना माहीत होतं का की हा सायक्लोन टेलर आहे? मी म्हटलं, नसेल बहुधा. मग ती म्हणाली, "आणि त्याला त्यांच्यातल्या कुणाचं नाव माहीत होतं?" कपाटावरचा कागद तिने काढला नाही. ३२ गोलांखाली पेनने ३५२ लिहिलं आहे.

कोल हार्बरला पाण्याच्या काठी कोमागाटा मारूचं स्मारक आहे. येत्या शनिवारी सरावानंतर आम्ही तिथे जाणार आहोत, आठच्या सुमारास. मृण्मयी, तुम्ही आणि सासूबाई सरी शहराच्या बाजूला राहत असाल तर मी गाडीने घेऊन येईन, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा. जवळपासचं आणखी कुणी येणार असेल तर इथेच लिहा. त्यांना फार चालावं लागणार नाही, पण खाडीवर वारा बोचरा असतो, शाल असू द्या.

मृण्मयी_क

येतोय. त्या म्हणताहेत, मुलीसाठी पिन्नी (पंजाबी लाडू) करून आणते.